उतरत्या पाण्यात गळ: लहान होडीतून धरणावर रोहू-कटला कसा धरावा

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या धरणावर फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत होडीतून गळ टाकायचा असेल, तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: पाणी रोज उतरतंय. जागा, चारा, वेळ, नांगर कुठं टाकायचा, हे सगळं त्यावरून ठरतं. दिवाळीच्या सुमाराला भरलेल्या धरणात मासा कुठंही असू शकतो. शिवरात्रीनंतर त्याची राहायची जागाच आकसत जाते आणि त्यामुळे तो कुठं असेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नवख्या माणसानं सुरुवात करायला हाच हंगाम बरा.

उदाहरणासाठी मी येलदरी घेतो. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. अलीकडचा काठ परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पलीकडचा हिंगोलीच्या सेनगावात. पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं वीजघर आहे. इथून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांना लागतं. त्यामुळे येलदरीची पातळी रोज सारखी उतरत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठी ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं की ती पायरीपायरीनं खाली येते आणि आवर्तन बंद असताना जवळपास स्थिर राहते. माजलगाव, मांजरा, इसापूर, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. आवर्तन सुटल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस मासा बावरलेला असतो, चाऱ्याला तोंड लावत नाही. पातळी स्थिरावली की परत खायला लागतो. म्हणून निघण्याआधी पंचांग बघण्यापेक्षा, पाणी सुटलंय का हे कालव्यावरच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा.

मोबाइलवर होडीमागं चमचा (धातूचा चकाकता खोटा चारा) ओढत ट्राउट धरणारे व्हिडिओ बघून बरेच जण धरणावर येतात. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, काश्मीर-हिमाचलातल्या ओढ्यांचा. आपल्या पाण्यात तो जगणार नाही आणि चकाकत्या चमच्यामागं धावण्याची रोहूला तर हौसच नाही. आपल्याकडे होडी फिरवायची नसते, रोवायची असते.

परवानगी आधी, होडी नंतर

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, पण त्यातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुतेक ठिकाणी एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात जे रोहू-कटला वाढतात त्यांचं बोटुकली बीज, म्हणजे बोटाएवढी पिलं, या लोकांनी पैसे मोजून सोडलेलं असतं. त्यामुळे काठावरच्या भोई किंवा कहार वस्तीत जाऊन संस्थेच्या माणसाला भेटायचं, गळानं किती मासे नेणार ते सांगायचं, ते मागतील ती पावती फाडायची. ‘दादा, गळच टाकायचाय, जाळं नाही,’ एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं होडीच्या भाड्यात होतं, कारण होडी बहुधा त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

पैठणचा नाथसागर मात्र वेगळा. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथं वन खात्याचे नियम लागतात. संस्थेनं हो म्हटलं म्हणून हौशी माणसाला वाट मोकळी झाली असं तिथं समजू नका. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुणे पक्षी अजून उथळ पाण्यात असतात, त्यांच्या थव्यात होडी घालणं कायद्याआधी माणुसकीलाच सोडून आहे. धरणाची भिंत, दरवाजे, वीजघराचं तोंड, पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांच्या आसपासही कुठल्याच धरणावर जायचं नाही.

पाण्याखालची जमीन

आता मुख्य गोष्ट. रोहू, कटला आणि मृगळ एकाच पाण्यात राहतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर चरतात. कटला वरच्या थरात. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खाणं हा त्याचा धंदा. रोहू मधल्या थरात, बुडालेल्या फांद्या-दगडांवरचं शेवाळ आणि कुजका पाला खाणारा. मृगळ अगदी तळाशी, गाळ हुंगत. मत्स्यशेतीत हे तिन्ही एकत्र सोडतात ते याचसाठी: एकमेकांच्या ताटात हात जात नाही.

थंडीत पाणी गार असतं तेव्हा हे मासे सुस्त असतात, खाणं कमी. पाणी पंचविशीच्या आसपास आलं की भूक उघडते. होळी जळाली, थंडी पळाली, हे माशांनाही लागू आहे. पण ऊन वाढतं तसा दुसरा हिशेब सुरू होतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे मार्चअखेर दुपारच्या उथळ पाण्यात माशाला भूक आहे पण दम लागतो. तो सकाळी उथळाकडे चरायला येतो आणि ऊन तापलं की खोलाकडे सरकतो. त्याच्या या जाण्या-येण्याच्या वाटेवर बसायचं.

वाट कुठली? धरण होण्याआधीचा नाला. पूर्णेला मिळणारे ओढे-नाले पाण्याखाली गेले तरी त्यांचा खड्डा तसाच आहे, आणि उतरत्या पाण्यात मासा त्याच्याच धारेनं वरखाली करतो. तो शोधायचे दोन मार्ग. पहिला, काठावरच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांशी बसून बोलणं. ‘आजोबा, बुडायच्या आधी नाला कुठून वाहायचा?’ असं विचारलं की हात उचलून सांगतात: ती टेकडी आणि ते लिंबाचं झाड एका रेषेत धरा, तिथं आमची विहीर होती, विहिरीच्या खालच्या अंगाला नाला. बुडालेली विहीर, बांध, जुनी सडक, बाभळीचं बन, हे सगळं विचारून घ्या. विहिरीच्या कडेला मासा हमखास, आणि गळ अडकणंही हमखास.

दुसरा मार्ग दोरीचा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, नको; साधी सुती दोरी घ्या. टोकाला पावशेराचं शिसं किंवा मोठा लोखंडी नट बांधा आणि दर तीन फुटांना गाठ मारा. हळूहळू वल्ही मारत काठाला काटकोनात आत जायचं आणि थांबत थांबत दोरी सोडायची. सहा फूट, सात फूट, आठ, आणि एकदम चौदा लागलं की नाल्याची कड सापडली. शिशाच्या बुडाला साबण किंवा मेण लावलं तर तळाचा नमुनाही वर येतो. चिकट काळा गाळ आला तर तिथं मृगळ. मुरूम-खडे आले तर माझ्या मते रोहूला ती जागा अधिक मानवते. नाल्याच्या तळात नाही, कडेवर बसा. चारा वरच्या सपाटीच्या टोकाला पडला पाहिजे, साधारण दहा ते पंधरा फूट पाण्यात.

काठाकडे बघूनही बरंच कळतं. पाणी मागं सरलं की मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. टरबूज-खरबुजाच्या वाड्या पाण्यामागोमाग खाली येतात. ज्या पट्ट्यात मागच्या महिन्यात पाणी होतं तिथली घळ, तिथला उतार आज डोळ्यांना दिसतो. तो उतार तसाच पुढे पाण्यात गेलेला असणार. एक मात्र पाळा: होडी ओढत नेताना वेलांवरून नेऊ नका. आणि गाळपेरवाल्यांच्या मोटारी पाण्यात टाकलेल्या असतात, कधी ड्रमवर तरंगत्या, केबल उघड्या जोडांची. त्या मोटारींपासून पन्नासेक फूट लांबच राहा, गळही तिकडे फेकू नका.

होडी, वारा आणि वीज

थर्माकोलचा चप्पू भोई बांधव लीलया चालवतात, पण त्यांचं बघून तुम्ही त्यावर बसू नका. बारा ते चौदा फुटी, सपाट बुडाची लाकडी किंवा फायबरची होडी घ्या. दोन माणसं, फार तर तीन. लाइफ जॅकेट अंगात, होडीत पडलेलं नव्हे. एक जास्तीचं वल्हं, पाणी उपसायला डबा, कोरड्या पिशवीत फोन. बसून गळ टाका. उभं राहायचं असेल तर एकानंच, आणि दुसऱ्याला सांगून.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पाणी आरशासारखं असतं. साडेदहा-अकराला जमीन तापली की वारा उठतो, बहुधा पश्चिमेच्या अंगानं, आणि येलदरीसारख्या लांबलचक पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. अर्ध्या तासात फूटभर लाटा होतात. यावर उपाय एकच: उजाडताना पाण्यात, अकराच्या आत काठावर. जाताना वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी येतो. उलटं केलं तर भर उन्हात वाऱ्याविरुद्ध वल्ही मारावी लागतात.

वाऱ्याचा एक फायदाही आहे. आदल्या दिवशी दुपारभर वारा ज्या काठाकडे वाहिला, तिकडे वरच्या थरातलं ऊबदार पाणी आणि त्यातले तरंगते जीव लोटले जातात. कटला त्यांच्या मागं जातो. म्हणून सकाळच्या शांत वेळी कटल्यासाठी त्या काठाच्या बाजूला बसा आणि वारा उठायच्या आत तिथून हला.

नांगर म्हणून सिमेंटच्या गोणीत भरलेले दगड चालतात, गाळात चांगले बसतात. दोर खोलीच्या तिप्पट लांब हवा. तेवढाच खोलीइतका दोर सोडला तर लाटेसरशी नांगर उचलला जातो. मुख्य नांगर होडीच्या तोंडाला, तोंड वाऱ्याकडे. तरंगी, म्हणजे तंगुसावरची तरंगती खूण, स्थिर दिसावी म्हणून मागच्या बाजूला दुसरा हलका नांगर टाकायचा. वारा वाढला की आधी मागचा काढा. तोंडाचा नांगर सुटलेला आणि मागचा अडकलेला, अशा होडीत लाट मागून आत येते. दोराच्या शेवटी रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून ठेवा. वेळ आली तर नांगर न काढता दोर सोडून देता येतो आणि नंतर येऊन कॅन धरून उचलता येतो.

अवकाळीचं म्हणाल तर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. या दिवसांत दुपारनंतर आभाळ कधीही फिरतं आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही असता, हातात कार्बनची काठी, जी वीज वाहून नेते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, जवळपासच्या विजेची सूचना देतं. पण गडगडाट कानावर आला की ॲप उघडायचीही वाट बघू नका. गळ गुंडाळा आणि काठ गाठा.

काठी, तंगूस, गळ

महागडं काही लागत नाही. सात-आठ फुटी मध्यम ताकदीची काठी, तीन-चार हजार नंबरचं फिरकी रील, ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस दीडशे मीटर. रोहूसाठी ४ किंवा ६ नंबरचा गळ, मोठ्या कटल्यासाठी १/० पर्यंत. रीलचा ब्रेक असा ठेवा की तंगूस तुटायच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याला तो सुटायला लागेल. स्प्रिंगकाट्यानं एकदा मोजून बघा, हाताच्या अंदाजावर सोडू नका. गाठ ओढताना थुंकीनं ओली करा. कोरडा तंगूस घासून तापतो आणि नेमका गाठीजवळ तुटतो.

तरंगी सरकती हवी. बारा फूट पाण्यात तरंगी पक्की बांधली तर सात फुटी काठीनं ती फेकणार कशी? तंगुसावर, जेवढ्या खोलीवर चारा ठेवायचा तिथं, जाड सुताची छोटी गाठ मारा, तिच्याखाली एक बारीक मणी, मग तरंगी, मग शिसं. फेकताना तरंगी खाली शिशापाशी असते. पाण्यात पडल्यावर शिसं तंगूस ओढत खाली जातं आणि मणी गाठीला टेकला की तरंगी उभी राहते. गाठ वर-खाली सरकवली की खोली बदलते. मृगळासाठी चारा तळाला टेकवा, रोहूसाठी तळाच्या हातभर वर, कटल्यासाठी पाण्याच्या वरच्या पातळीपासून तीन ते पाच फूट खाली.

चारा

इथं घाई करू नका. दोन वेगळे चारे लागतात: मासे जमवायचा आणि गळाला लावायचा.

जमवायच्या चाऱ्यासाठी शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड अर्धा किलो रात्री भिजवा. सकाळी त्यात भाजलेला गव्हाचा कोंडा, शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा चुरा, मूठभर फुटाण्याचं पीठ, लिंबाएवढा गूळ आणि चमचाभर भाजून कुटलेली मेथी. पाणी बेतानं, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटावा. परीक्षा घरीच करा: बादलीत गोळा सोडा. पाच मिनिटांत विरला तर तो कटल्याचा, वरच्या थरात ढग करणारा. दहा-बारा मिनिटं टिकला तर रोहू-मृगळाचा, तळापर्यंत पोचणारा. घट्ट करायला कणीक, सैल करायला कोंडा.

गळाचा चारा म्हणजे कणीक आणि फुटाण्याचं पीठ निम्मं-निम्मं, थोडं गुळाचं पाणी, आणि मळताना पिंजलेल्या कापसाचे दोन-चार धागे. कापसानं गोळी गळाला धरून राहते, बारक्या माशांनी टोचली तरी झडत नाही. बोराएवढी गोळी, गळाचं टोक किंचित बाहेर. हात आधी मातीनं घासून धुवा. पेट्रोल, तंबाखू, उन्हाची क्रीम, यांचा वास गोळीला लागला की रोहू तोंड फिरवतो.

नांगर पडल्यावर तीन गोळे कडेवर टाका आणि पाव तास गप्प बसा. होडीच्या फळीवर वल्हं आपटू नका, पाण्यात आवाज लांब जातो. मग अर्ध्या तासाला एकेक गोळा. यापेक्षा जास्त टाकला तर मासा जमतो पण पोट भरून जातो, आणि चिलापी माशांची जत्रा भरते ती वेगळीच.

तरंगी वाचणं हे खरं कसब. टुकटुक, टुकटुक अशी भराभर नाचली तर चिलापी किंवा आळकूट, दुर्लक्ष करा. तरंगी जागच्या जागी थरथरते, किंचित उचलते, पुन्हा बसते, तळातून एखादा बुडबुडा येतो: मृगळ. रोहू दोन-तीनदा चाचपतो, मग तरंगी तिरकी एका बाजूला चालू लागते आणि बुडत जाते. ती चालायला लागली की झटका द्या, चाचपण्यावर नाही. कटला चारा चोखतो. तरंगी संथपणे आडवी होते किंवा काही न सांगता नाहीशी होते. झटका मनगटाचा, खांद्याचा नव्हे.

मोठा मासा लागल्यावर काठी वाकू द्या आणि ब्रेकला त्याचं काम करू द्या. मागचा नांगर सोबत्यानं लगेच उचलायचा, नाहीतर मासा दोराला वेढा घालतो. बाभळीच्या बनाकडे निघाला तर काठी आडवी करून बाजूनं ताण द्या, त्याचं डोकं वळतं. होडीजवळ आला, होडी बघितली की तो शेवटची धाव मारतो. त्या वेळी दोघांनी एकाच कडेला वाकायचं नाही. हातजाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागं धावलात तर गळ सुटलाच म्हणून समजा.

मरळ आणि शिंगाडा

मरळ हवी असेल तर खोलाकडे जाऊच नका. बेशरमाच्या झाडोऱ्याच्या कडेला, उथळात, होडी बांबूनं ढकलत न्या. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर हलकासा फुगवटा उठतो. त्याच्या पलीकडे रबरी बेडूक टाकून सावकाश ओढत आणा. पावसाळ्याच्या तोंडाला लालसर पिलांचा घोळका दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली राखण करणारी जोडी असते. ती गेली की पिलं बारक्या माशांच्या तोंडी जातात.

शिंगाडा हा मासा तळाशी गांडुळावर लागतो. त्याच्या छातीच्या परांचे काटे करवतीसारखे असतात, हातात घुसले तर दिवसभर ठणका. ओल्या गोणपाटानं डोकं दाबून पक्कडीनं गळ काढा. चिखलानं माखलेल्या काट्याची जखम साबणानं धुऊन दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

वाटेत भोयांची तंगूस जाळी लागतात, बाटल्या किंवा थर्माकोलच्या तुकड्यांच्या ओळीवरून ओळखायची. वळसा घालून जा. गळ जाळ्यात अडकला तर आपला तंगूस कापा, जाळं नाही.

हातभर न भरणारा रोहू-कटला ओल्या हातानं सोडून द्या. ठेवायचे ते मासे दोरीत ओवून कोमट पाण्यात टांगू नका, चाळीस अंशांच्या दिवसात ते दहा वाजताच मऊ पडतात. धरल्याबरोबर डोक्यात टोला देऊन मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फाच्या पेटीत ठेवा, किलोभर माशाला किलोभर बर्फ. बर्फ जिंतूरहून निघतानाच घ्या, काठावरच्या गावात मिळेलच असं नाही. पोट काठावर आल्यावर साफ करा आणि आतडी पाण्यात न टाकता मातीत पुरा. आणि रोहू घरी नेण्याआधी त्याचं पित्त फुटलेलं नाही ना ते बघा, फुटलं असेल तर तो भाग कापून टाका, रस्सा कडू होतो.